पश्चिमेची भिंत

लाइल ब्रँडव्होल्डला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा तो जिन्याच्या सातव्या पायरीवर गुडघे टेकून पितळी पट्टीचा एक स्क्रू आवळत होता. कागद करपल्यासारखा वास. नाकाशी घुटमळला आणि गेला. घड्याळात साडेतीन वाजले होते. साडेपाचला नॅडीन ऑस्ट्रँडर डोळ्यांवरची पट्टी काढून पुढच्या दारातून आत येणार होती, सात आठवड्यांत पहिल्यांदा स्वतःचं घर बघणार होती, आणि ती किती रडते हे टिपायला चार कॅमेरे टपून बसले होते.

लाइलने मान वर करून हवा हुंगली. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर अंगणात थॉर्न लँडिंगच्या अग्निशमन दलाने आपली लांबलचक लोखंडी शेगडी मांडली होती. आमच्या आयोवात समारंभ कुठलाही असो, गावोगावचे बंबवाले पोर्क चॉप भाजायला हजर. थॉर्न लँडिंगात आगी लागतात वर्षाला दोन, चॉप मात्र शनिवारी शनिवारी भाजले जातात. तेव्हा धुराचा वास येणारच, अशी लाइलने स्वतःची समजूत घातली. पण जुनी घरं चाळीस वर्षं खरवडून ज्याचं नाक तयार झालं त्याला मांसाचा धूर आणि कागदाचा धूर यातला फरक कळत नाही असं कसं होईल? त्याला तो कळला होता, आणि म्हणूनच त्याने स्क्रू अर्धाच सोडला.

कारण सकाळी त्याने एक चूक केली होती.

त्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘पडक्याचं पक्कं’. मातीमोल भावात गेलेली जुनी घरं शोधायची, दीड-दोन महिन्यांत ती नवी करायची आणि मालकाला रडवायचं, एवढंच त्यात असतं. दुसऱ्याच्या घराची भिंत पडताना बघण्यात काय सुख आहे देव जाणे, पण देशभरातले लोक जेवणाचं ताट मांडीवर घेऊन ते बघतात. सूत्रसंचालक कोल मॅडिगन दिसायला राजबिंडा. कमरेला हत्यारांचा चामडी पट्टा. त्यातल्या हातोडीचा सात आठवड्यांत एका खिळ्याशीही परिचय झालेला नव्हता. खरं काम गावच्या लाइलचं आणि त्याच्या चार माणसांचं. आणि या सगळ्यांना नाचवणारी सिमोन, शिकागोहून आलेली निर्माती, जिच्या कानातलं यंत्र बहुधा झोपेतही निघत नसावं.

घर एकोणीसशे चारचं. नॅडीन शाळेची बस चालवते. पाच वर्षं रिकामं पडलेलं ते घर काउंटीने लिलावात काढलं तेव्हा तिने ते जुन्या मोटारीच्या भावात उचललं. विमा उतरला तोही त्याच किमतीचा. तोवर ती राहत होती चाकांवरच्या घरात, ट्रेलरमध्ये, आणि ट्रेलर ज्या जागेवर उभा होता ती जागा मालकाने विकली होती. ऑक्टोबरच्या शेवटी तिला तिथून उठायचं होतं. तिच्याकडे दुसरा आसरा नव्हता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि लाइलला तर चांगलंच ठाऊक होतं, कारण या कार्यक्रमाला तिचं नाव त्यानेच सुचवलं होतं.

सगळ्या चौकटींचा जुना रंग लाइलने हाताने खरवडला होता. पश्चिमेच्या भिंतीतली जिन्याची खिडकी तेवढी सिमोनच्या सांगण्यावरून तशीच ठेवली होती, कारण कॅमेऱ्यासमोर रंगाचा पापुद्रा सुटताना दाखवायचा होता. त्याला हवी हीट गन. केस वाळवायच्या यंत्राचा हा थोरला भाऊ. याच्या झोताने शंभर वर्षांचा रंग साय निघावी तसा निघतो. लाइल ती क्वचित वापरी आणि वापरली तर त्याचा एक नियम होता. गन बंद केली की घडी घालायची खुर्ची भिंतीसमोर मांडायची आणि दोन तास तिथून हलायचं नाही. कॉफी प्यायची, भिंत बघायची, हुंगायची. नव्या पोरांना तो हा नियम इतक्यांदा ऐकवी की ती त्याची पाठीमागे नक्कल करत.

आज सकाळी दहाला गन सुरू झाली. “खालच्या फटीपाशी धरा ना, तिथं काय सुरेख सोलतंय,” सिमोन म्हणाली. फटीत गन धरायची नसते. लाइलने धरली, वर आणखी दोनदा धरली, कारण पहिल्या खेपेला कोलचं बोलणं चुकलं आणि दुसऱ्या खेपेला कावळा ओरडला. मग गन बंद करून तो खुर्ची मांडणार तोच सिमोनने हाक मारली: पोर्चचा कठडा हलतोय, कोल त्याला टेकायचा आहे, आत्ताच्या आत्ता या. लाइल गेला. कठड्यावरून दाराच्या कडीवर, कडीवरून जिन्याच्या पट्टीवर. खुर्ची घडी घातलेलीच राहिली.

त्या काळची आमच्याकडची घरं कशी बांधत, तर भिंतीतले उभे वासे तळघरापासून माळ्यापर्यंत अखंड. मधे आडवं लाकूड नाही. दोन वाशांमधली पोकळी म्हणजे आयतं धुराडंच. थंडी अडवायला त्यात लाकडाचा भुसा ठासलेला, शिवाय चिमण्यांची घरटी आणि उंदरांनी ओढून नेलेले कागदाचे बोळे. फटीतून गरम झोत आत गेला की ज्वाळा उठत नाही. भुसा तासन्‌तास गुपचूप धुमसत राहतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

लाइल उठला. तळघरात जाऊन आला, माळ्यावर जाऊन आला. धूर कुठंच नव्हता. पण नसणारच होता, कारण माळ्यावर त्या पोकळ्यांची तोंडं त्यानेच गेल्या आठवड्यात थंडीसाठी जाड लोकर ठासून बंद केली होती. मग त्याने जिन्यातल्या भिंतीला हाताची पालथी बाजू लावली. भिंत कोमट होती. बाहेरून दुपारचं ऊन सरळ त्याच भिंतीवर पडलेलं. आता ही ऊब उन्हाची की आणखी कशाची, हे कोण सांगणार?

आणि भिंत तरी कुठली. अख्ख्या घराचा जीव त्या भिंतीत होता. विजेच्या बटणामागे भिंतीला चिकटवायच्या जुन्या कागदाचा हाताएवढा तुकडा सापडला होता, गडद निळ्यावर सोनेरी पानं. तस्साच कागद हाताने छापून आणला होता आणि दोन बायकांनी तीन दिवस खपून कालच संध्याकाळी तो खळीने चिकटवला होता. दार उघडलं की नॅडीनला पहिल्यांदा दिसणार होती ती ही भिंत.

तो बाहेर शेगडीपाशी गेला. ड्वेन क्रूस, दलाचा प्रमुख, एरवी धान्याच्या कोठारावर काम करणारा, हातभर लांब चिमट्याने चॉप उलटत होता. हे लोक अकराला आले होते. सकाळची गन त्यांच्यापैकी कुणी बघितली नव्हती.

“ड्वेन, जरा वर ये. जिन्यात करपल्याचा वास येतोय.”

“अजून एक चॉप खाल्ला नाहीस आणि करपले म्हणून बोंबलतोस होय?” शेगडीभोवतीचे हसले.

“थट्टा नाही. भिंतीतनं येतोय असं वाटतं.”

ड्वेनने चिमटा दुसऱ्याच्या हातात दिला आणि एप्रनसकट वर आला. भिंतीला हात लावला, नाक लावलं, पुन्हा लावलं. “सकाळपासून नाक डुकरात बुडालंय रे. आत्ता बायकोने सेंट मारला तरी मला चॉपचाच वास येईल. भिंत गरम आहे खरी, पण ऊन बघ की केवढं आहे.” मग म्हणाला, “भिंतीआडची आग दाखवणारा कॅमेरा असता तर एका मिनिटात कळलं असतं. त्याच्यासाठीच तर हे चॉप विकतोय दोन वर्षं.” तो जायला वळला आणि पायरीवर थांबला. थट्टा बाजूला ठेवून त्याने विचारलं, “लाइल, आज इथं कुणी आगीचं काम केलंय? गॅसची टॉर्च, गन, वेल्डिंग, काही?”

“नाही,” लाइल म्हणाला.

शब्द तोंडातून गेला. त्याला स्वतःलाच तो कुणीतरी दुसराच बोलल्यासारखा वाटला. त्यामागे एक कारण होतं, आणि ते मोठं लाजिरवाणं होतं. बारा वर्षांपूर्वी रूडी सेल्क नावाच्या रंगाऱ्याने गॅसच्या टॉर्चने रंग काढताना पाद्र्याचं घर जाळलं होतं. माणूस कुणी दगावला नाही, पण घर गेलं. तेव्हा भर गावसभेत उभं राहून लाइल म्हणाला होता की ज्याला आगीजवळ बसून राहायचा धीर नाही त्याला कुणी घराच्या आसपास फिरकू देऊ नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूडीला पुन्हा काम मिळालं नाही आणि वर्षभरात तो बिऱ्हाड हलवून गेला. त्या टाळ्या लाइलला बारा वर्षं गोड लागल्या होत्या. आता ड्वेनच्या तोंडावर ‘होय, मीच’ म्हणायला त्याची जीभ रेटेना.

“मग या कॅमेरावाल्यांचे दिवे असतील. तापले की त्यांच्यावरची धूळ जळते,” ड्वेन म्हणाला. “लक्ष ठेव. काही वाटलं तर हाक मार.” तो खाली गेला. पावणेचार झाले होते.

पुढचा पाऊण तास लाइल त्या जिन्यात वर-खाली करत राहिला. वास यायचा, जायचा. बाहेर पाहुणे जमू लागले. लांब टेबलांवर बटाट्याची सॅलडं, जेली, मक्याची कणसं मांडली गेली. कोल आरशासमोर भुवया विंचरून घेत होता. लाइल मनाशी सारखे सौदे करत होता: आता वास आला नाही तर काहीच नाही, दहा मिनिटांत आला तर सांगू, बरं, अजून पाच. माणूस साठी उलटून गेला तरी असल्या वेळी शाळकरी पोरासारखा वागतो, आणि वर त्याला आपण विचार करतोय असं वाटतं.

साडेचार वाजता त्याला ते दिसलं. खळ अजून ओली असल्यामुळे कागदाचा निळा रंग गडद, जवळजवळ काळसर दिसत होता. सगळ्या भिंतीवर तसाच. फक्त खिडकीला लागून वर छतापर्यंत गेलेला एक उभा पट्टा फिकट झाला होता. रुंदी बरोब्बर दोन वाशांमधल्या अंतराएवढी. ऊन पडलं तर अख्ख्या भिंतीवर पडतं. ते वासे मोजून पडत नाही. तो पट्टा आतून सुकला होता.

लाइलने त्यावर तळवा ठेवला आणि लगेच काढला.

सिमोन त्याला स्वयंपाकघरात सापडली. “बाई, जिन्यातली भिंत फोडायला लागेल. आत्ता.”

तिने आधी कानातलं यंत्र काढलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा. “तुम्ही काय म्हणताय?”

“आत धुमसतंय. सकाळच्या गनमुळं.”

“धूर दिसतोय?”

“नाही.”

“बंबवाल्यांनी बघितलं?”

“बघितलं.”

“काय म्हणाले?”

“दिव्यांचा वास असेल म्हणाले.”

“आणि गनचं तुम्ही त्यांना सांगितलंत ना?”

लाइल फरशीकडे बघू लागला. सिमोनने त्याचा अर्थ तिला सोयीचा होता तसा घेतला. “हे बघा मिस्टर ब्रँडव्होल्ड, ज्यांचं हे काम आहे त्यांनी भिंत बघितली आणि ते चॉप भाजायला परत गेले. अंगणात दीडशे माणसं आहेत. सहाला ऊन गेलं की माझं सगळं गेलं. नॅडीनने एकदा भिंत बघू दे. मग मी स्वतः तुम्हाला कुऱ्हाड आणून देते.” ती काही दुष्ट नव्हती. तिला जेवढं सांगितलं गेलं तेवढ्यावर ती बोलत होती, आणि अर्धं सांगणारा तिच्यासमोर मान खाली घालून उभा होता.

खरं म्हणजे लाइलने तिथून सरळ ड्वेनकडे जायचं. ड्वेन पन्नास पावलांवर होता. पण लाज माणसाला लांबच्या रस्त्याने नेते. घर नॅडीनचं, तेव्हा आधी तिला सांगायला हवं, असं स्वतःला बजावत तो मागच्या दाराने निघाला आणि दोन गल्ल्या ओलांडून लुथरन चर्चच्या मागे उभ्या केलेल्या व्हॅनपाशी धापा टाकत पोचला. घर दाखवायच्या आधी मालकिणीला भेटायची कुणालाच परवानगी नव्हती. व्हॅनमधल्या मुलीने हात आडवे केले. लाइलने दार सरकवलं.

नॅडीन डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, नवा निळा ड्रेस घालून, मांडीवर हात ठेवून बसली होती.

“कोण? लाइल?” पायरव ओळखून ती हसली. “जा रे बाबा. तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही असं सही करून दिलंय मी. सकाळपासनं बसलेय अशी. लग्नातसुद्धा एवढी सजले नव्हते. भुकेने जीव चाललाय आणि ड्वेनच्या चॉपचा वास इथपर्यंत येतोय, छळ नुसता.”

“नॅडीन, भिंतीत आग आहे.”

तिचं हसू तसंच राहिलं, जागेवर. “कुठल्या?”

“तुझ्या. पश्चिमेच्या, जिन्यातल्या. मी सकाळी तिथं गन चालवली. नंतर बसायचं असतं, बसलो नाही.”

“तुला दिसली आग?”

“नाही. वास येतोय. एक पट्टा आतनं सुकलाय. माझी खात्री आहे... नव्वद टक्के आहे. चुकलो तर तुझी भिंत जाईल, कार्यक्रम जाईल. आज जे काही आहे ते सगळं.”

“ड्वेनला सांगितलंस?”

“त्याने मला विचारलं होतं. आगीचं काम झालंय का म्हणून. मी नाही म्हणालो.”

“केव्हा विचारलं?”

“पावणेचारला.”

नॅडीनने पट्टी काढली. उजेडाने डोळे मिचकावत तिने त्याच्याकडे बघितलं, मग व्हॅनमधल्या घड्याळाकडे. चार वाजून बेचाळीस मिनिटं. ती व्हॅनमधून उतरली, उंच टाचांचे बूट तिथंच काढून टाकले आणि अनवाणी धावत सुटली.

ती अंगणात शिरली तेव्हा पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग असावा. दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. साठ पोरांची बस गप्प करणारा तिचा आवाज शेगडीच्या पार गेला. “ड्वेन, चिमटा ठेव. लाइलने सकाळी जिन्याच्या भिंतीला गन लावली होती.”

ड्वेनने लाइलकडे बघितलं. फक्त बघितलं. मग एप्रन ओढून काढत तो आपल्या माणसांकडे वळला. “बंब चालू करा. शेजारच्या गावाला फोन लावा. नळी आत. आणि ती टेबलं हटवा मधनं.”

बंब रस्त्यावर आणि घर मागे, मधे जेवणाच्या टेबलांची रांग. सॅलडच्या काचेच्या भांड्यांसकट टेबलं उचलली गेली, दोन उलटली, म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन बाजूला पळाल्या. जिन्याशी ड्वेन कुऱ्हाड घेऊन उभा राहिला, पण त्याने घाव घातला नाही. नळीत पाणी येईपर्यंत भिंत उघडायची नसते. आतल्या निखाऱ्याला तेवढीच हवा हवी असते.

ती दोन मिनिटं लाइल जन्मात विसरणार नाही. दारात नॅडीन उभी होती. तिच्या समोर तिचं घर होतं: चकाकणारी ओकची फरशी, धुतलेल्या काचा, निळ्या-सोनेरी कागदाची ती उंच भिंत. सात आठवडे ज्या क्षणाची वाट बघितली तो असा आला होता, आणि ती त्या सगळ्यातला फक्त एक फिकट पट्टा बघत होती. कोल मॅडिगन पोर्चवर येऊन थिजला होता. कॅमेरे चालू होते की बंद, कुणालाच भान नव्हतं.

“मागे हो, नॅडीन,” ड्वेन म्हणाला.

“माझी भिंत आहे.”

“म्हणूनच म्हणतो. दाराबाहेर हो.”

ती उंबऱ्यापर्यंत सरकली, त्यापुढे नाही. सपाट पडलेली नळी फुगत फुगत जिन्यावर आली. “पाणी,” मागून कुणीतरी म्हणालं. ड्वेनने पट्ट्याच्या मधोमध पहिला घाव घातला.

कागद फाटला, गिलावा ढासळला, आतल्या लाकडी पट्ट्या तुटल्या. भोकातून करडा भुसा भसाभसा पायऱ्यांवर पडला. थंड भुसा. लाइलच्या मनात क्षणभर असा विचार आला की आपण चुकलोच असलो तर किती बरं होईल. ड्वेनने दुसरा घाव हातभर खाली, खिडकीच्या पातळीवर घातला. आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला आणि पोकळीत लालभडक उजेड सर्रकन वर चढला.

“मार,” ड्वेन ओरडला, आणि पाण्याचा लोट भिंतीत घुसला.

तिथली आग दहा मिनिटांत विझली असती. पण तेवढ्यात अंगणातून आरडाओरडा झाला. पश्चिमेच्या बाजूला छपराच्या कडेखालून धूर येत होता, आधी पिवळट, मग काळा. पोकळीच्या तोंडाशी ठासलेल्या लोकरीच्या बाजूने आगीने वाट काढली होती आणि ती माळ्यावर पोचली होती. शेजारच्या गावचा बंब यायला वीस मिनिटं लागली. छप्पर फोडावं लागलं. जिथून पाणी आत गेलं तिथून ते खाली उतरलं, आणि सात आठवड्यांत केलेली एकेक खोली भिजत गेली. पंचावन्न मिनिटांनी ड्वेनने आग विझल्याची खूण म्हणून हात वर केला.

घर उभं राहिलं, एवढं म्हणता येईल. वरची पश्चिमेची खोली गेली, छपराचा तिसरा भाग गेला. जिन्यातली भिंत तळघरापासून माळ्यापर्यंत उभी चिरलेली होती आणि कागदाच्या निळ्या चिंध्या पायऱ्यांवर पडल्या होत्या. शेगडीवरच्या चॉपांचे कोळसे झाले होते. पाहुणे घरी गेले नाहीत. जो तो ताटं-भांडी गोळा करत, हळू आवाजात बोलत रेंगाळत होता.

ड्वेन बंबाच्या पायरीवर बसून अहवालाचा कागद भरत होता. तोंड काळं झालेलं, भुवया करपलेल्या. लाइल त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. ड्वेनने वर न बघता कागदावर बोट ठेवलं.

“कारण, अशी एक ओळ आहे इथं,” तो म्हणाला. “शंभर वर्षांचं घर. मी ‘कारण अज्ञात’ लिहिलं तर काउंटीतलं कुणी विचारायला येणार नाही. चाळीस वर्षं ओळखतो तुला.”

लाइलने हात पुढे केला. ड्वेनने कागद आणि पेन दिलं. बंबाच्या पत्र्यावर कागद ठेवून लाइलने लिहिलं: हीट गन, सकाळी दहा, चालवणारा लाइल ब्रँडव्होल्ड. त्याखाली लिहिलं: दल प्रमुखांनी पावणेचारला विचारलं असता खोटं सांगितलं. मग सही केली. ड्वेनने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. “पावणेचारला मला कळलं असतं,” तो म्हणाला, “तर एक भोक आणि दोन बादल्या.” तो रागावून बोलला नाही. नळी गुंडाळायला निघून गेला.

नॅडीन पोर्चवर होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर बंबवाल्यांचा जाड कोट टाकला होता, निळा ड्रेस गुडघ्यापर्यंत काळा झाला होता, पाय अजून अनवाणीच होते. लाइल तिच्याजवळ गेला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता थोडी बाजूला सरकली. तो बसला.

“सोमवारी येतो,” तो म्हणाला. “छप्पर आधी, थंडी पडायच्या आत. मग भिंत. एक डॉलर घेणार नाही. माझी माणसं नाही आली तर एकटा करीन.”

तिने काळवंडलेला ड्रेस गुडघ्यावर सारखा केला. मग म्हणाली, “गनची ती चूक माझ्याही हातून झाली असती. मी गेल्या वर्षी बस मागे घेताना शाळेचा खांब पाडला. माणसाच्या हातून होतं. ते मी कधीच उकरून काढणार नाही, लाइल. खरंच.”

“हं.”

“आणि तुझ्यासारखं काम या भागात कुणाला येत नाही, हेही मला कळतं.” तिने कोट अंगाभोवती ओढून घेतला. “पण तू भिंत बंद करशील आणि मला सांगशील की आत सगळं ठीक आहे. मग मी त्या घरात झोपायचंय. एकटीने. जानेवारीत, वारा सुटलेला असताना.” आता तिने त्याच्याकडे वळून बघितलं. “तू ठीक आहे म्हणालास म्हणून मला झोप लागायला हवी ना? ती आता नाही लागणार.”

लाइलला काहीतरी बोलायचं होतं. रूडी सेल्कची गोष्ट, ती गावसभा, जीभ कशी रेटली नाही ते. पण यातलं काहीही तिच्या छपराला उपयोगी पडणार नव्हतं.

“डेकोराह गावचा एक माणूस आहे,” तो म्हणाला. “चांगला आहे. माझ्याहून सावकाश करतो. उद्या सकाळी तुला त्याचा नंबर पाठवतो.”

“पाठव,” नॅडीन म्हणाली.

तो उठला. त्याची शिडी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली होती, तिचे वरचे दोन दांडे काळे पडले होते. ती खांद्यावर घेऊन तो अंगणातून निघाला तेव्हा टेबलं आवरणाऱ्या लोकांनी त्याला वाट करून दिली. वाट मात्र लागत होती त्याहून बरीच मोठी करून दिली.